नोरीन पेल्कीची पेन्शन

आमच्या गावच्या वाचनालयाच्या तळघरात फेब्रुवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत दर मंगळवारी आणि गुरुवारी म्हाताऱ्या माणसांचे टॅक्सचे फॉर्म फुकट भरून दिले जातात. भरून देणारेही म्हातारेच. चार हिवाळे त्यांच्यात मी होतो. त्याआधी बत्तीस वर्षं बंदरावर खनिजाच्या बोटींची वजनं लिहून घ्यायचं काम केलं होतं, त्यामुळे आकड्यांची भीती नव्हती. आणि हेल्मी, माझी बायको, गेल्यापासून दिवसभर घरात बसवत नव्हतं. तळघरात निदान माणसं बोलायची. कुणाचा गुडघा, कुणाची सून, कुणाच्या छपरावर साठलेला बर्फ. मी ऐकायचो आणि टाइप करायचो. "आर्विड, तू फॉर्म भरतोयस की बोट?" असं ट्रुडी कारो पलीकडच्या टेबलावरून विचारायची. ट्रुडी बँकेतून निवृत्त झालेली, तिथली प्रमुख तीच. आम्ही भरलेला प्रत्येक फॉर्म ती तपासायची, मगच तो पुढे जायचा.

गेल्या वर्षी मार्चमध्ये एक बाई माझ्यासमोर येऊन बसली. पासष्टीच्या आसपासची, पांढरे केस आखूड कापलेले, हातात रबरबँड लावलेले कागद.

"मी नोरीन पेल्की," ती म्हणाली. "कागद तारखेप्रमाणे लावलेत. काय काय लागेल ते एकेक सांगा, मी देते."

माझी बोटं कीबोर्डवरच थांबली. चेहरा मी जन्मात पाहिला नव्हता. आवाज ओळखला.

त्या मार्चच्या आठ वर्षं आधी, एका रविवारी सकाळी, हेल्मी ओव्हनमधून ब्रेड काढता काढता खाली पडली. श्वास नव्हता. मी भिंतीवरच्या फोनवरून ९११ लावला. पलीकडून एका बाईने पत्ता विचारला, मग म्हणाली, आता फोन स्पीकरवर टाका, गुडघ्यांवर बसा, तळहात छातीच्या मधोमध ठेवा, आणि माझ्याबरोबर मोठ्याने मोजा. मी मोजायला लागलो. माझा श्वास चुकला की ती मोजत राहायची, मग मी पुन्हा तिला गाठायचो. अकरा मिनिटं. एकदा मी म्हणालो, आता नाही होत. ती म्हणाली, होतंय, मला ऐकू येतंय, चालू ठेवा. मग दार उघडून अॅम्ब्युलन्सची माणसं आत आली, कुणीतरी फोन बंद केला.

हेल्मी वाचली. नाताळात मी अॅम्ब्युलन्सच्या माणसांना मोठं हॅम नेऊन दिलं, कार्ड दिलं. त्यांच्या गाडीपुढे उभं राहून फोटोही काढला. फोनवरच्या बाईचं नाव विचारायचं ना मला सुचलं, ना हेल्मीला.

आणि आता ती माझ्यासमोर बसून एकेक कागद सरळ करून देत होती. मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. पण बाजूच्या खुर्च्यांवर सहा माणसं नंबर लावून बसली होती, आणि अशा गोष्टीची सुरुवात कशी करतात ते मला ठाऊक नव्हतं. मी तिची जन्मतारीख विचारली. लग्न? नाही. अवलंबून कोणी? कोणी नाही. आधीच्या सप्टेंबरातच ती निवृत्त झाली होती, पेन्शनचा तिचा पहिलाच कागद होता.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये वर कोपऱ्यात एक आकडा सारखा दिसत असतो. पैसे परत मिळणार असले तर हिरवा, भरायचे असले तर लाल. केंद्राचा भाग संपला, राज्याचा सुरू झाला. राज्याच्या भागात तिचा आकडा लाल होता, दोनशे बारा. पेन्शनच्या पानावर एक प्रश्न आला: ही पेन्शन सार्वजनिक सुरक्षेच्या नोकरीची आहे का? पुढे एक रिकामी चौकट. तशी पेन्शन असेल तर आमच्या राज्यात तिच्यावर टॅक्स नाही. बाजूच्या निळ्या खुणेवर दाबलं की यादी उघडते. मी उघडली. पोलीस, अग्निशमन, तुरुंगाचे पहारेकरी. एवढंच.

"नोकरी कुठे होती तुमची?" मी विचारलं. मला माहीत होतं तरी.

"काउंटीत. अठ्ठावीस वर्षं. ९११चे फोन घ्यायचे." चपलांच्या दुकानात होते म्हणावं तसं ती म्हणाली, आणि भिंतीवरचा सरोवराचा नकाशा बघत बसली.

मी यादी पुन्हा वाचली. पेन्शनचा कागद काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, साध्या नोकरांच्या फंडातला होता, पोलिसांच्या फंडातला नव्हता, हेही मला दिसत होतं. मग मी चौकटीत खूण केली. लाल दोनशे बाराचा हिरवा सातशे एकतीस झाला.

खरं सांगतो, त्या क्षणी मला चोरी केल्यासारखं वाटलं नाही. फार दिवसांचं काहीतरी राहिलेलं पार पडल्यासारखं वाटलं. ही सार्वजनिक सुरक्षा नाही तर मग काय आहे, असं मी मनात कुणाशी तरी भांडतही होतो.

ट्रुडी तपासायला आली. खुणेवर बोट ठेवून तिने हळूच विचारलं, "पोलीस होती का ही?"

"काउंटीत होती," मी म्हणालो. "अठ्ठावीस वर्षं."

ट्रुडीला वाटलं उत्तर मिळालं: काउंटीच्या पोलिसांत. तिच्या मागे अजून चार फॉर्म होते. ती पुढे गेली.

नोरीनने सहीच्या आधीचा मजकूर ओळ न ओळ वाचला. तो कोणीच वाचत नाही. माझ्या माहितीप्रमाणे हे सगळं खरं आहे, असं त्यात असतं. "परत मिळणार? नक्की?" तिने विचारलं. मी नक्की म्हणालो. "मग धुराडं दुरुस्त करून घेते," ती म्हणाली. तिने सही केली, कागदांना रबरबँड लावलं आणि गेली. मी जिन्यापर्यंत तिच्या पाठीकडे बघत राहिलो.

त्यानंतर उन्हाळाभर ती मला दोनदा दिसली. एकदा पोस्टात, एकदा दुकानात कांदे निवडताना. दोन्ही वेळा एकटी. मी मान हलवली, तिने हलवली. फॉर्म भरणारा म्हातारा, एवढीच माझी ओळख.

नोव्हेंबरात, दुपारी, स्वयंपाकघरातला फोन वाजला. मी अजून तोच भिंतीवरचा फोन वापरतो, आमच्या रस्त्याला मोबाइल धड लागत नाही. उचलला.

"मिस्टर मॅटिला? नोरीन पेल्की बोलतेय. मार्चमध्ये तुम्ही माझा फॉर्म भरला होता. राज्याकडून पत्र आलंय. वाचनालयात म्हणाले, फॉर्म भरणारे आता फेब्रुवारीतच येतील, म्हणून फोनच्या चौकशीतून नंबर काढला."

तोच आवाज, तोच फोन, त्याच फरशीवर मी उभा.  ती पत्र वाचून दाखवत होती. तुम्ही सार्वजनिक सुरक्षेच्या पेन्शनची सूट घेतली आहे, तशी नोकरी केल्याचा पुरावा तीस दिवसांत पाठवा. तिला काही कळत नव्हतं. आपण अशी काही सूट मागितल्याचं तिला आठवत नव्हतं. मी म्हणालो, घेऊन या, बघू.

"पत्ता सांगा," ती म्हणाली.

"चौदा, टॅमरॅक रोड."

पलीकडे काही ऐकू येईना. मला वाटलं फोन कटला.

"रस्ता जिथे संपतो तिथलं घर," ती सावकाश म्हणाली. "कुत्रा भुंकत होता. तुम्ही त्याला कोंडून येतो म्हणत होतात आणि मी नको म्हणाले होते."

"हो," मी म्हणालो.   ती म्हणाली, उद्या दहाला येते.

दुसऱ्या दिवशी बरोबर दहाला तिची गाडी दारात आली. मी कॉफी केली होती, वेलची घातलेला ब्रेड आणून ठेवला होता. ती आत आली, बूट काढले, आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकली. ओव्हन, भिंतीवरचा फोन, दोन्हींमधली जागा, सगळं नजरेने मोजल्यासारखं तिने पाहिलं. मग म्हणाली, "मला वाटलं होतं खोली मोठी असेल."

पत्राचं काय ते मी आधी सांगितलं. आडवळणं घेतली नाहीत. प्रश्न काय होता, यादीत कोण होतं, कोण नव्हतं, मी काय केलं आणि ट्रुडीला काय म्हणालो. आवाजावरून तिला ओळखल्याचंही सांगितलं. ती कपाला हात न लावता ऐकत होती.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं, हे बसत नाही."

"माहीत होतं. पण बसायला हवं होतं."

"ते मी विचारलं नाही."

मी ब्रेडची ताटली तिच्याकडे सरकवली.

"अठ्ठावीस वर्षं माझं प्रत्येक वाक्य टेपवर होतं, मिस्टर मॅटिला," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं. "कोर्टात वाजवल्यात त्या टेपा. वकिलांनी मागेपुढे करून ऐकल्यात. एक शब्द खोटा निघाला नाही माझा. आणि आता माझ्या सहीच्या वर खोटं आहे. ते मी लिहिलेलं नाही, पण सही माझी आहे."

मी म्हणालो, पैसे मी भरतो, व्याजासकट. माझ्यामुळे झालंय.

"नाही. धुराडं माझं आहे." मग जरा थांबून म्हणाली, "तुम्हाला काही द्यायचंच होतं तर मला सांगून द्यायचं. मी नको म्हणाले असते. पण मला कळलं तरी असतं ना."

हे मला फार लागलं. कारण तेच तर मी केलं नव्हतं. समोर बसली होती, एका वाक्याचं काम होतं, आणि मी एका चौकटीत खूण करून मोकळा झालो होतो. तिला ते पोचलंच नव्हतं.

मग तिने कप उचलला. खिडकीबाहेर बघत विचारलं, "त्या दिवशी फोन बंद झाला. पुढे काय झालं?"

"तुम्हाला कळलं नाही?"

"आम्हाला कळत नाही. गाडी पोचली की आमचं संपतं, दुसरा फोन वाजत असतो. पेपरात मरणाच्या बातम्या येतात त्या बघायचे पहिली काही वर्षं. पण पत्त्यावरून नाव कसं कळणार? मला पत्तेच लक्षात राहतात. मग ते बघणंही सोडलं."

"चार वर्षं जगली ती," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. "चार वर्षं?"

"चार वर्षं आणि दोन महिने. नंतर कॅन्सरने गेली. ते हृदयाचं नव्हतं."

"काय केलं तिने चार वर्षांत?"

असा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता. लोक विचारतात ती कशी गेली. मी सांगायला लागलो. गाजरं लावली, दरवर्षी जास्तच, आणि हरणं खायची म्हणून हरणांना शिव्या घातल्या. शेजारच्या एस्कोलाशी कुंपणावरून भांडण काढलं, ते मिटवलं, पुन्हा काढलं. बहिणीकडे विमानाने जाऊन आली. विमानात पहिल्यांदाच बसली होती, परत आल्यावर आठवडाभर फक्त ढगांबद्दल बोलत होती. मला पाव करायला शिकवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. शेवटच्या वर्षी चर्चच्या कॉयरमध्ये गायला लागली, आवाज काही खास नव्हता. मी बोलत होतो, नोरीन मधे मधे विचारत होती, कुठली गाजरं, कुंपण कुणाच्या बाजूला होतं. नोंद घेत असल्यासारखी. कॉफी गार झाली, मी पुन्हा तापवली.

जाताना ती दारात म्हणाली, "चार वर्षं पुष्कळ झाली." तिचा चेहरा मला दिसत नव्हता, ती बुटांची नाडी बांधत होती. उठली तेव्हा पुन्हा पहिल्यासारखी झाली होती. "आता ते दुरुस्त करायचं बघा. तीस दिवसांतले नऊ गेलेत."

त्याच दुपारी मी ट्रुडीला फोन करून सगळं सांगितलं. मी शिव्यांची वाट बघत होतो.  ती एवढंच म्हणाली, "आर्विड, मी तुला विचारलं होतं रे. तोंडावर विचारलं होतं." मी म्हणालो, हो, विचारलं होतंस.

शनिवारी तिने वाचनालयाचं तळघर उघडायला लावलं. हीटर बंद होता, आम्ही तिघं कोट घालूनच बसलो. ट्रुडी कॉम्प्युटरसमोर, नोरीन तिच्या शेजारी. मला नोरीनच्या पलीकडची खुर्ची मिळाली, फॉर्म भरून घ्यायला येणाऱ्यांची. ट्रुडीने जुना फॉर्म उघडून दुरुस्तीचा नवा सुरू केला. नोरीनने यादी वाचायला मागितली. ट्रुडीने ती मोठ्याने वाचली. पोलीस, अग्निशमन, तुरुंगाचे पहारेकरी.

मी म्हणालो की आपण राज्याला पत्र लिहू शकतो, कायद्याचा अर्थ कसा लावायचा याबद्दल. मी दोन दिवसांपूर्वी त्यांच्या कचेरीत फोन केला होता. तिथली बाई भली होती, पण म्हणाली, डिस्पॅचर, म्हणजे ९११चे फोन घेणारे, त्यात येत नाहीत, काही राज्यांत येत असतील, आपल्याकडे नाही.

"यादीत आहे का ते?" नोरीनने विचारलं.

"नाही," ट्रुडी म्हणाली.

"मग काढा."

ट्रुडीने खूण काढली. हिरव्याचा लाल झाला. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं म्हणून ती माझ्याकडे वळली. मी सांगितलं: फॉर्म भरणाऱ्याने अपात्र सूट घेतली, करदात्याला त्याची कल्पना नव्हती. ट्रुडीने तसंच लिहिलं. नोरीनने वाचलं, आणि "अपात्र" या शब्दावर क्षणभर थांबली. मग सही केली.

नोरीन गेल्यावर वाचनालयाच्या दाराशी ट्रुडी माझ्याजवळ थांबली. तिला जे बोलायचं होतं ते बोलवेना, म्हणून मीच गळ्यातलं ओळखपत्र काढून तिच्या हातात दिलं. "तुला घरी वेड लागेल," ती म्हणाली. मी म्हणालो, बघू.

वेड लागलं नाही, पण फेब्रुवारी फार लांब गेला. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी मी सवयीने दाढी करायचो, मग कुठे जायचं नाही हे आठवायचं. दारापासून रस्त्यापर्यंतचा बर्फ दिवसातून दोनदा काढायचो. रेडिओ लावून ठेवायचो, ऐकत नसलो तरी. एकदा दुकानात एस्कोलाने विचारलं, यंदा तळघरात नाही वाटतं? मी म्हणालो, डोळे साथ देत नाहीत. हे आणखी एक खोटं.

नोरीनला फोन करावा असं पुष्कळदा वाटलं. पण काय म्हणून करणार? तिचा नंबर एका जुन्या पाकिटावर मी लिहून ठेवला होता. तिला माणसांचे फोन यायचे ते संकटात. नुसतंच बोलायला कुणी फोन केला तर तिला तो कसा वाटेल, हे मला ठरवता येईना. मी केला नाही.

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या, दिवसांत दर शुक्रवारी कॅथलिक चर्चच्या हॉलमध्ये तळलेले मासे मिळतात. आम्ही लुथेरन, पण माशांच्या बाबतीत गाव एकच आहे. मार्चच्या दुसऱ्या शुक्रवारी मी गेलो. ताट घेऊन वळलो तर भिंतीलगतच्या टेबलाशी नोरीन एकटीच बसली होती. आठ खुर्च्यांचं टेबल. मी जाऊन विचारलं, बसू का. तिने समोरच्या खुर्चीवरचा आपला कोट उचलून बाजूला ठेवला.

थोडा वेळ आम्ही खाल्लं. मासे गरम होते, कोबीची कोशिंबीर नेहमीसारखी पाणचट. राज्याचं उत्तर आलं होतं, तिने सांगितलं. दंड माफ केला, व्याज घेतलं, आणि रक्कम सहा हप्त्यांत. चार भरून झाले.

"आणि यंदाचा फॉर्म?" मी विचारलं.

"भरला. तळघरातच. तुमच्या टेबलावर एक बाई बसते आता, शाळेत शिकवायची ती. प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचते." ती माशाचा काटा ताटाच्या कडेला लावत होती. "त्या प्रश्नापाशी आली. म्हणाली, ही पेन्शन सार्वजनिक सुरक्षेच्या नोकरीची आहे का? मी म्हणाले, नाही."

मी हातातला काटा-चमचा खाली ठेवला.

"एवढंसं उत्तर," ती म्हणाली. "तिने लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. मला वाटलं होतं काही वाटणार नाही. पण गाडीत जाऊन मी पंधरा मिनिटं तशीच बसून राहिले. किल्ली न लावता."

मला पुष्कळ काही म्हणावंसं वाटलं, आणि त्यातलं काहीच बरोबर नव्हतं. अकरा मिनिटं ती माझ्याबरोबर थांबली होती तेव्हा तिने मला धीराचं एकही मोठं वाक्य ऐकवलं नव्हतं. म्हणून मी नुसता तिथे बसून राहिलो. आजूबाजूला लोक खुर्च्या सरकवत होते, कुणाचं तरी तान्हं रडत होतं.

थोड्या वेळाने तिने ताट पुसल्यासारखं स्वच्छ केलं, उठली, कोट घातला.

"सहानंतर फार गर्दी होते इथे," बटणं लावत ती म्हणाली. "मी पाचलाच येते. दर शुक्रवारी."

"मीही पाचला येतो मग," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि रिकाम्या ताटांच्या खिडकीकडे गेली. मी उरलेले मासे सावकाश संपवले. टेबलाच्या सात खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि लेंटचे अजून तीन शुक्रवार शिल्लक होते.